सातशे माणसांची काउंटी : सिल्व्हर्टनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कोलोराडोच्या नैऋत्य कोपऱ्यात, ड्युरँगोला राहतो. उन्हाळ्यात भारतातून कोणी आलं की वाफेच्या इंजिनाच्या छोट्या गाडीने सिल्व्हर्टनची फेरी ठरलेली. जाताना सगळे खिडकीला चिकटून दरी बघतात. परतीच्या वाटेवर मात्र प्रश्न सुरू होतात. एवढ्याशा गावात कोर्ट कसं? हिवाळ्यात ही माणसं काय करतात? सरकार कोण चालवतं? गेली काही वर्षं मी त्या काउंटीत कामानिमित्त आणि आवडीनेही सतत जाते, तिथल्या बैठकांना बसते. त्यामुळे उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं वाटलं.

ही काउंटी नेमकी कुठे आहे आणि केवढी आहे?

नाव सॅन हुआन काउंटी. शोधताना पुढे 'कोलोराडो' जोडा, कारण न्यू मेक्सिको, युटा आणि वॉशिंग्टन राज्यांतही याच नावाच्या काउंट्या आहेत आणि लोक हमखास चुकतात.

क्षेत्रफळ सुमारे 1,000 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या दुपटीच्या आसपास. 2020 च्या जनगणनेत इथे माणसं होती 705. त्यांतली 622 एकट्या सिल्व्हर्टनमध्ये. काउंटीत गाव म्हणून नोंदलेलं ठिकाण हे एकच. कोलोराडोच्या 64 काउंट्यांत सर्वांत कमी वस्ती इथली, आणि सरासरी उंची बघितली तर सगळ्या अमेरिकेत पहिला नंबर इथलाच. सिल्व्हर्टन 2,840 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी एक हजार मीटरहून जास्त चढल्यावर इथला बाजाररस्ता लागतो, आणि डोंगर तिथून पुढे सुरू होतात. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागली तर घाबरू नका. पाणी पीत राहा, घाई करू नका.

काउंटी म्हणजे जिल्हा ना? मग इथला कलेक्टर कोण?

कलेक्टर नाही. सगळ्यात मोठा फरक हाच, आणि तो कळला की बाकीचं सोपं जातं. आपल्याकडे जिल्ह्याचा कारभार वरून नेमलेला अधिकारी पाहतो आणि त्याच्या शेजारी निवडून आलेली जिल्हा परिषद असते. इथे वरून कोणी येत नाही. लोकांनी चार वर्षांसाठी निवडून दिलेले तीन काउंटी कमिशनर हेच सरकार. अंदाजपत्रक तेच मंजूर करतात, रस्त्यांचं तेच ठरवतात, बांधकामाची परवानगीही त्यांच्याच टेबलावरून जाते. रोजचं काम बघायला ते एक प्रशासक नेमतात, पण तो त्यांचा नोकर, राज्याचा नव्हे.

शिवाय काही खाती कमिशनरांच्या हाताखाली येतच नाहीत. शेरीफ वेगळा निवडून येतो. मालमत्तेचं मूल्य ठरवणारा असेसर वेगळा, कर गोळा करणारा खजिनदार वेगळा. दस्त नोंदवणारा, गाड्यांची नोंदणी करणारा आणि निवडणुका घेणारा क्लार्क वेगळा. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनरही मतपत्रिकेवर असतो. कमिशनर शेरीफचं अंदाजपत्रक कमी-जास्त करू शकतात, पण त्याला घरी पाठवू शकत नाहीत. ते काम मतदारांचं. आणि कधी खुद्द शेरीफवरच कोर्टाचा हुकूम बजावायची वेळ आली तर कायद्याने ती जबाबदारी कॉरोनरकडे जाते. दीडशे वर्षांपूर्वी आखलेली ही व्यवस्था अजून तशीच आहे. एकाच्या हातात सगळं जाऊ नये, एवढाच तिचा हेतू.

मग सिल्व्हर्टन गावाचं वेगळं सरकार कशाला?

गावाचे महापौर आणि ट्रस्टी मिळून सातजणांचं मंडळ आहे. पाणी, सांडपाणी, गावातले रस्ते, दुकानांचे परवाने ही त्यांची कामं. गावाची हद्द संपली की काउंटी सुरू. पोलीस मात्र वेगळे नाहीत. गाव काउंटीला पैसे देतं आणि शेरीफची माणसं गावातही गस्त घालतात.

हद्दीचा हा फरक कागदावरचा वाटतो, पण 2021 मध्ये त्यावरूनच गाव दुभंगलं होतं. डोंगरातल्या जुन्या खाणवाटांवर चालवायच्या उघड्या चारचाकी गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या गावातल्या रस्त्यांवर फिरू द्यायच्या की नाही, हा प्रश्न होता. दुकानदारांचं गिऱ्हाईक त्यांच्यावर होतं. राहणाऱ्यांना धूळ आणि आवाज नकोसा झाला होता. शेवटी ऑक्टोबरमध्ये मतदान झालं आणि गावात बंदी कायम झाली. काउंटीच्या अनेक रस्त्यांवर त्या आजही चालतात. त्यामुळे गाडी ट्रेलरवर घालून गावातून न्यायची आणि हद्दीबाहेर उतरवायची, अशी रीत पडली. मला स्वतःला गावकऱ्यांचा निर्णय पटतो, पण ज्यांचं घर या पर्यटकांवर चालतं त्यांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही.

सातशे माणसांसाठी एवढा पसारा? शेजारच्या काउंटीत विलीन का नाही करत?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा 'किती ही उधळपट्टी' असा सूर असतो. म्हणून जरा सविस्तर सांगते.

पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात सातशेहून जास्त माणसं असतात, हे खरं. पण संकुलाच्या सेक्रेटरीला हिमस्खलन सांभाळावं लागत नाही. कायदा काउंटीची कामं डोकी मोजून ठरवत नाही. मतदारयादी ठेवायची, खुनाचा तपास करायचा, संकटातल्या मुलाला आसरा द्यायचा, साथीच्या रोगावर नजर ठेवायची, हे डेनव्हरला जसं करावं लागतं तसंच इथेही. डेनव्हरकडे प्रत्येक कामाला एक इमारत आहे. इथे प्रत्येक कामाला अर्धा माणूस आहे. शक्य तिथे वाटणीही केलेली आहे. सरकारी वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, आमच्या ला प्लाटा आणि शेजारच्या आर्चुलेटा काउंटीबरोबर सामाईक आहे. आणि राज्याच्या कायद्याप्रमाणे सर्वांत लहान काउंट्यांतले काउंटी न्यायाधीश अर्धवेळ असतात, त्यांच्याकडे कायद्याची पदवी असायलाच हवी असंही नाही.

विलीन करायचं म्हटलं तर कोणात करणार? दक्षिणेला आमचं ड्युरँगो, मध्ये दोन खिंडी. उत्तरेला युरे, मध्ये त्याहून अवघड एक खिंड. एखाद्या जानेवारीच्या रात्री दोन्ही बाजूंनी रस्ता बंद झाला की सिल्व्हर्टनमधला माणूस ड्युरँगोच्या शेरीफला फोन करू शकतो, पण शेरीफ येऊ शकत नाही. सरकार डोंगराच्या ज्या बाजूला असेल त्याच बाजूच्या माणसांना उपयोगी पडतं. 1876 मध्ये ही काउंटी ला प्लाटातून वेगळी काढली तेव्हाही कारण भूगोलच होतं, आणि भूगोल बदललेला नाही.

खरी अडचण पैशापेक्षा माणसांची आहे. उमेदवार मिळत नाहीत. एकच बाई रुग्णवाहिकेवर, शाळेच्या मंडळावर आणि इतिहास मंडळात, असं चित्र सर्रास दिसतं. त्यातल्या एकीने गाव सोडलं की तीन खुर्च्या एकदम रिकाम्या होतात.

काउंटीचा पैसा येतो कुठून?

घरपट्टी, विक्रीकर, राज्याची आणि केंद्राची अनुदानं. पण घरपट्टी लावायला जमीन खासगी लागते, आणि इथली बहुतांश जमीन केंद्र सरकारची आहे. जंगल खातं आणि जमीन व्यवस्थापन खातं मिळून दहातले आठ-नऊ भाग. केंद्राच्या जमिनीवर कर लावता येत नाही. त्याची भरपाई म्हणून 1976 च्या एका कायद्याने काउंट्यांना दरवर्षी काही रक्कम मिळते. किती मिळणार हे वॉशिंग्टनमध्ये ठरतं आणि इथले लोक वाट बघत बसतात.

दुसरं बंधन राज्याचं. 1992 मध्ये कोलोराडोच्या मतदारांनी राज्यघटनेत एक दुरुस्ती केली. तेव्हापासून कोणताही नवा कर किंवा करवाढ मतदारांना विचारल्याशिवाय होत नाही. कमिशनरांना कर वाढवून बर्फ काढायचं एखादं यंत्र घ्यायचं असेल तर आधी लोकांना पटवावं लागतं. सातशेच्या वस्तीत हे पटवणं टपाल कार्यालयाच्या दारात उभं राहूनच होतं.

हिवाळ्यात रस्ता बंद झाला तर?

बंद होतो. 'झाला तर' असं इथे कोणी म्हणतच नाही.

गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा पक्का रस्ता एकच, 550 नंबरचा महामार्ग. दक्षिणेला कोल बँक आणि मोलास या खिंडी, दोन्ही 3,200 मीटरच्या वर. उत्तरेला रेड माउंटन खिंड, 3,358 मीटर. उत्तरेकडच्या कड्यावरच्या भागाला मिलियन डॉलर हायवे म्हणतात. तिथे बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, आणि पाहुणे त्यावरून फार चिडतात. कठडा असता तर बर्फ काढणाऱ्या ट्रकला बर्फ दरीत ढकलता आला नसता, आणि तिथे बर्फ टाकायला दुसरी जागाच नाही.

या रस्त्यावर डोंगरातून हिमस्खलनाच्या कितीतरी वाटा उतरतात. इथले लोक त्यांना 'स्लाइड' म्हणतात आणि प्रत्येकीला नाव आहे, जसं आपल्याकडे प्रत्येक ओढ्याला असतं. महामार्ग राज्याच्या वाहतूक खात्याचा. बर्फ धोक्याइतका साचला की ते रस्ता बंद करतात, स्फोट करून बर्फ मुद्दाम खाली आणतात, मग साफ करून रस्ता उघडतात. पूर्वी यासाठी चक्क लष्करी तोफा वापरत. रेड माउंटनच्या रस्त्यावर बर्फ काढताना 1970, 1978 आणि 1992 मध्ये एकेक चालक स्लाइडखाली गेला. त्या तिघांचं स्मारक रस्त्याच्या कडेला आहे. गाडी थांबवायला जागा मिळाली तर थांबा.

मार्च 2019 मध्ये इतका बर्फ कोसळला की रेड माउंटनचा रस्ता जवळपास तीन आठवडे बंद होता. जुन्या माणसांना त्याचं फार अप्रूप वाटलं नाही. 1884 च्या हिवाळ्यात रेल्वे 73 दिवस अडली होती आणि गावात अन्न संपत आलं होतं, ही गोष्ट इथे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते.

काउंटीचे स्वतःचे रस्ते वेगळे. खाणींच्या वरच्या वाटा बर्फ पडला की सोडून दिल्या जातात आणि मे-जूनमध्ये पुन्हा उकरून काढतात. खालचे थोडेच रस्ते वर्षभर साफ होतात. कुठपर्यंत साफ करायचे, यावर कमिशनरांच्या बैठकीत दरवर्षी चर्चा होते.

त्या बैठकांना कोणीही बसू शकतं का?

कोणीही. नागरिक असायची अट नाही, तिथे राहायची अट नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. महिन्यातून दोनदा कोर्टहाउसमध्ये बैठक असते. 1908 सालची ती सोनेरी घुमटाची इमारत गावात कुठूनही दिसते.

फेब्रुवारीतली एक बैठक माझ्या चांगली लक्षात आहे. लाकडी जिना, वर गरम खोली, खिडकीच्या काचेला आतून वाफ. टेबलामागे तिघं. समोर खुर्च्यांवर आम्ही पाचजण, आणि प्रत्येकाच्या बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं छोटं तळं. रस्त्यांचा प्रमुख सांगत होता, लोडर कुठल्या वळणापर्यंत पोचला, पुढे का नेला नाही. त्याने हाताने हवेत उतार काढून दाखवला: इथे बर्फ असा लटकलाय, मी माझ्या माणसाला त्याच्याखाली पाठवणार नाही. पलीकडे घर असलेल्या एका माणसाने विचारलं, मग मी किती दिवस स्कीवरून सामान वाहायचं? कमिशनरांपैकी एकीने त्याला उलट विचारलं, इन्सुलिन किती दिवसांचं आहे? तिला त्याचा आजार माहीत होता. पुढची दहा मिनिटं रस्त्यावर नव्हे, औषध कसं पोचवायचं यावर गेली आणि सोय झाली. नंतर विषयपत्रिकेतला पुढचा मुद्दा आला.

एक नियम मला फार आवडतो. कोलोराडोच्या खुल्या बैठकांच्या कायद्यात गणपूर्ती होईल इतके सदस्य सार्वजनिक विषयावर बोलत असतील तर ती बैठक धरली जाते. तिघांची गणपूर्ती दोघं. म्हणजे दोन कमिशनर कॉफी पिताना भेटले तर मुलांबद्दल बोला, बर्फाबद्दल बोला, पण काउंटीच्या रस्त्याच्या निविदेबद्दल बोललात तर ती पूर्वसूचना न दिलेली बैठक ठरते. गावात कॉफीची ठिकाणं मोजकी असताना हे पाळणं किती कठीण असेल, याचा विचार करा.

मत कोण देऊ शकतं? मी ग्रीन कार्डवर आहे.

नाही, अमेरिकन नागरिकच. एच-1बी किंवा ग्रीन कार्डवर नाव चुकूनही नोंदवू नका, पुढे नागरिकत्वाच्या वेळी फार महागात पडतं. नागरिकांना कोलोराडोत मतपत्रिका टपालाने घरी येते. भरून टपालाने पाठवा किंवा मतपेटीत टाका. सातशेच्या काउंटीत निकाल वीस-तीस मतांनी लागणं नवलाचं नाही.

दवाखाना, शाळा, टपाल?

रुग्णालय नाही. जवळचं मोठं रुग्णालय ड्युरँगोला, 80 किलोमीटरवर, मध्ये दोन्ही खिंडी. रुग्णवाहिका आहे, तिच्यावर प्रशिक्षित शेजारी आहेत. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने नेतात, तेही ढग परवानगी देतील तेव्हा. हृदयविकार किंवा अवघड गरोदरपण असेल तर हिवाळ्यात खाली येऊन राहणारे लोक आहेत. 1918 च्या इन्फ्लुएन्झाने काही आठवड्यांत सिल्व्हर्टनची सुमारे दहा टक्के माणसं नेली. टेकडीवरच्या दफनभूमीत त्या महिन्यांच्या तारखा वाचत गेलात की सार्वजनिक आरोग्य हे काउंटीचं काम का आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

शाळा एकच, बालवाडीपासून बारावीपर्यंत, 1911 च्या इमारतीत. मुलं शंभराच्या आत.

टपाल घरी येत नाही. प्रत्येकाचा टपाल कार्यालयात खण आहे. दुपारी तिथे पाच मिनिटं उभे राहा, कोणाची गाडी बंद पडली आणि कोणाकडे खोली भाड्याने आहे, सगळं कळेल. छापील बातमीपत्रही आहे. 'सिल्व्हर्टन स्टँडर्ड अँड द मायनर'ची मुळं 1875 पर्यंत जातात, आणि 2009 मध्ये ते काउंटीच्या इतिहास मंडळाने हाती घेतलं. सहाशेच्या गावात वर्तमानपत्र टिकवणं हे मला कोर्टहाउसच्या घुमटापेक्षा मोठं काम वाटतं.

डोंगरात हरवलो तर सुटकेचं बिल येतं का?

शोधपथकाचं नाही. कोलोराडोत शोध आणि सुटका ही शेरीफची कायदेशीर जबाबदारी आहे, प्रत्यक्ष काम स्वयंसेवक करतात आणि ते पैसे मागत नाहीत. हेलिकॉप्टर-रुग्णवाहिकेचं आणि रुग्णालयाचं बिल मात्र वेगळं येतं, आणि जबर येतं. पैशाच्या भीतीने फोन करायला उशीर करू नका. अंधार पडल्यावर फोन केलात तर तुमच्यासाठी दहाजण अंधारात निघतात.

नदी पिवळी झाली होती, ते काय प्रकरण?

5 ऑगस्ट 2015. सिल्व्हर्टनच्या वर गोल्ड किंग नावाच्या बंद खाणीत पाणी तुंबलं होतं. केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं पथक तिचं तोंड तपासत असताना माती-दगडांचा बांध फुटला आणि 30 लाख गॅलन, म्हणजे एक कोटी लिटरहून जास्त, धातूंनी भरलेलं आम्लधर्मी पाणी ओढ्यातून ॲनिमस नदीत उतरलं. आमच्या ड्युरँगोत नदी हळदीचा लेप लावल्यासारखी दिसत होती. पुढे ते न्यू मेक्सिकोत, नवाहो लोकांच्या शेतांपर्यंत आणि युटापर्यंत गेलं.

फोटो जगभर गेले, पण मूळ दुखणं एका दिवसाचं नव्हतं. शंभरावर वर्षं डोंगर पोखरल्यावर पायराइटसारखी खनिजं हवा आणि पाण्याला उघडी पडतात, त्यातून आम्ल तयार होतं, आम्ल धातू विरघळवतं आणि पाणी जिथे वाट मिळेल तिथून बाहेर येतं. खाण बंद झाली म्हणून ते थांबत नाही. ही गळती पिढ्यान्पिढ्या चालू होती आणि सगळ्यांना ठाऊक होती.

गावाने अनेक वर्षं केंद्राच्या 'सुपरफंड' यादीत जायला विरोध केला. देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत नाव गेलं तर पर्यटक येतील का, घरांना किंमत राहील का, ही भीती होती. बाहेरच्यांनी या विरोधाला आडमुठेपणा म्हटलं. मी तसं म्हणणार नाही. एकच धंदा गेलेल्या गावाकडून दुसरा धंदाही पणाला लावायला सांगितलं जात होतं. फेब्रुवारी 2016 मध्ये गावाच्या आणि काउंटीच्या मंडळांनी एकमताने होकार दिला आणि सप्टेंबरमध्ये बोनिटा पीक खाणक्षेत्र यादीत आलं. खाणींशी संबंधित 48 जागा त्यात आहेत. काम अनेक वर्षं चालणार आहे.

गावाचं पिण्याचं पाणी ॲनिमसमधून येत नाही, डोंगरातल्या वेगळ्या ओढ्यांतून येतं. हॉटेलातलं पाणी निःशंक प्या.

खाणी बंद झाल्या, मग लोक जगतात कशावर?

शेवटची मोठी खाण सनीसाइड, ती 1991 मध्ये बंद झाली. 1990 ला काउंटीत 745 माणसं होती, 2000 ला 558 उरली. 1910 मध्ये हाच आकडा तीन हजारांच्या आसपास होता. नंतर लोक हळूहळू परत आले, 2010 ला 699.

आता आधार पर्यटनाचा. मे ते ऑक्टोबर ड्युरँगोहून रोज गाडी येते, 1882 मध्ये घातलेल्या तीन फुटी रुळांवरून, 72 किलोमीटर. प्रवासी उतरतात, जेवतात, दोन तासांत परत जातात, आणि त्या दोन तासांवर हॉटेलांचं वर्ष चालतं. 2018 च्या उन्हाळ्यात आमच्या बाजूला 416 नावाचा वणवा लागला, गाडी काही आठवडे बंद राहिली आणि झळ सगळी सिल्व्हर्टनला बसली. शिवाय जुलैत हार्डरॉक ही शंभर मैलांची डोंगरातली धाव असते. ती सुरू होते आणि संपते इथेच. हिवाळ्यात एका पाळण्याचं स्की क्षेत्र चालतं, तिथे नवशिक्यांनी जायचं नसतं.

खाणीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1959 मध्ये गावकऱ्यांनी डोंगरउतारावर येशूची संगमरवरी मूर्ती बसवली, खाणकामगारांची राखण करायला. 4 जून 1978 ला सनीसाइड खाणीच्या वर असलेल्या एमा नावाच्या तळ्याचा तळ फुटला आणि सगळं तळं खाणीत कोसळलं. इतर कुठल्याही दिवशी आत कितीतरी माणसं असती. तो रविवार होता, आत कोणी नव्हतं. गावातले वयस्क लोक हे सांगताना आपोआप त्या मूर्तीकडे बघतात.

तिथे स्वस्तात जमीन मिळेल का?

जाहिराती दिसतात, 'डोंगरात दहा एकर, अमुक डॉलरला'. सावध राहा. या बहुतेक जुन्या खाणहक्कांच्या जमिनी असतात. 1872 च्या खाणकायद्याने खनिजाच्या शिरेवर जास्तीत जास्त 1,500 फूट लांब आणि 600 फूट रुंद तुकडा मिळायचा. शीर कड्यावरून जात असेल तर तुकडाही कड्यावरून. वाट, वीज, पाणी, सपाट जागा, यांतलं काही असेलच असं नाही. तो स्लाइडच्या वाटेत आहे का आणि तिथे बांधायला परवानगी मिळेल का, हे पैसे देण्याआधी काउंटीत जाऊन विचारा. सातबारा बघितल्याशिवाय आपण गावाकडे जमीन घेत नाही, इथेही घेऊ नका. क्लार्कच्या कचेरीत दस्त खुले असतात, वाटेल तितका वेळ बसून चाळता येतात.

गावातली घरं स्वस्त नाहीत. बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेतलेली बरीच वर्षातले कित्येक महिने कुलूपबंद असतात, आणि शिक्षकाला भाड्याने खोली मिळत नाही. काउंटीने जुन्या धातुभट्टीची जागा साफ करून तिथे अँव्हिल माउंटन ही परवडणाऱ्या घरांची वसाहत उभी करायला घेतली, ती याच कारणासाठी. खाणीचा कचरा उचलून तिथे राहायला माणसं आणणं, यापेक्षा चांगला उपयोग मला सुचत नाही.

लग्न करता येईल असं ऐकलंय?

येईल. क्लार्ककडून परवाना घ्यायचा, 35 दिवसांच्या आत लग्न करायचं, सही करून कागद परत द्यायचा. कोलोराडोत भटजी, पाद्री, न्यायाधीश कोणीही लागत नाही, नवरा-नवरीने स्वतःच सही केली की झालं. साक्षीदारही लागत नाहीत.

एकच दिवस हातात असेल तर काय बघावं?

गाडीतून उतरल्यावर सगळे ब्लेअर स्ट्रीटकडे वळतात. तुम्ही ग्रीन स्ट्रीटने उत्तरेला चालत जा. कोर्टहाउसच्या शेजारी 1902 चा तुरुंग आहे, आता तिथे इतिहास मंडळाचं संग्रहालय भरतं. कामाचा दिवस असेल तर कोर्टहाउसचं दारही उघडं असतं. आत सूचनाफलकावर पुढच्या बैठकीची विषयपत्रिका लावलेली असते, ती वाचा. परतीच्या गाडीची शिट्टी तिथपर्यंत ऐकू येते.